तीनशे पॉइंटांनी वरच्या खेळाडूशी डाव कसा खेळायचा

बुद्धिबळाच्या स्विस पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागाशी खेळतो. दोनशे जणांच्या स्पर्धेत तुमचं मानांकन १५० असेल, तर समोर ५० वा येणार. म्हणजे माझ्यासारख्या सोळाशेच्या आसपास रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) असलेल्या खेळाडूची जवळजवळ प्रत्येक स्पर्धा आपल्यापेक्षा बऱ्याच वरच्या माणसासमोर बसूनच सुरू होते. हा डाव कसा खेळायचा, ही शिकण्याजोगी गोष्ट आहे. मुलांना शिकवताना मी ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींच्या) आधी ती शिकवते.

आधी हिशेब. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, तक्त्यानुसार रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल तर वरच्या खेळाडूकडून डावामागे ०.७६ गुणांची अपेक्षा असते, ३०० ला ०.८५ आणि ४०० ला ०.९२. तीनशेने खाली असणाऱ्याच्या वाट्याला पंधरा टक्के, हे ऐकून बरेच जण खचतात. पण आता हाच फरक पॉइंटांत बघा. दोघांचा के-फॅक्टर, म्हणजे एका डावाने रेटिंग किती बदलतं ते ठरवणारा आकडा, २० असेल (२४०० च्या खालच्या बहुतेक प्रौढ खेळाडूंचा तोच असतो) आणि फरक ३०० चा असेल, तर तुम्ही हरलात की ३ पॉइंट जातात, बरोबरी केलीत की ७ मिळतात, जिंकलात की १७. समोरच्याचं बरोबर उलटं. तो जिंकला तर त्याला ३ मिळतात आणि नुसती बरोबरी झाली तरी ७ जातात. शिवाय पहिल्याच फेरीत अर्धा गुण गेला की बक्षिसाच्या शर्यतीत तो मागे पडतो.

या डावात जिंकणं त्याला भाग आहे, तुम्हाला नाही. खाली जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. तो तुमच्यापेक्षा चांगला खेळतो हे खरंच आहे. पण बरोबरीची स्थिती आली की तिथून पुढे जोखीम त्यालाच घ्यावी लागते. ती तो घेईपर्यंत तुम्ही पटावर टिकून राहायचं आणि घेतली की ती ओळखायची.

आदल्या रात्री

पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ती यादी, लागलं की त्याचे डाव डेटाबेसमध्ये बघा, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. दोनच गोष्टी शोधायच्या: तुम्हाला ज्या रंगाची मोहरी आहेत त्याविरुद्ध तो साधारण काय खेळतो, आणि कॅसलिंग उशिरा करणं, वजीर लवकर बाहेर काढणं अशा त्याच्या काही ठरलेल्या सवयी आहेत का. त्याने कोणाकोणाला हरवलंय हे बघत बसू नका. त्या यादीतून उद्या उपयोगी पडेल असं काही हाताला लागत नाही.

रात्री अकरा वाजता नवीन ओपनिंग शिकायला बसणं तर पूर्ण बंद. ‘त्याला चकित करायचं’ म्हणून आयुष्यात कधी न खेळलेली सिसिलियन ओपनिंग कोणी काढली की आठव्या-नवव्या चालीला चकित झालेला माणूस दुसराच असतो. तुम्ही जे नेहमी खेळता तेच खेळा. त्यातल्या चालींमागचं कारण तुम्हाला माहीत असतं, आणि पाठ केलेल्या चाली संपल्यावर तेच कामाला येतं.

दुसऱ्या कोणाची तरी चाल म्हणून ती आंधळेपणाने घेऊ नका, मग ती ग्रँडमास्टरची का असेना. १९८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बील इथे विश्वनाथन आनंद अलोन्सो सपाताविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी पेट्रॉफ नावाचं ओपनिंग खेळला. पाचव्या चालीला त्याने उंट एफ५ वर (एफ ओळीच्या पाचव्या घरावर) आणला. आधीच्या एका ग्रँडमास्टर डावात ही चाल खपून गेली होती. सपाताने वजीर ई२ वर ठेवला आणि ई४ वरचा घोडा वाचवायला चालच उरली नाही. सहाव्या चालीला आनंदने डाव सोडला. प्रत्येक चालीला ‘ही खेळल्यावर तो काय मारू शकतो, कुठे शह देऊ शकतो’ हा प्रश्न विचारायचा, तो यासाठी.

मोहरी मारामारीत संपवू नका

कमी रेटिंगच्या खेळाडूंना सगळ्यात जास्त वेळा दिला जाणारा आणि मला सगळ्यात चुकीचा वाटणारा सल्ला म्हणजे: “दिसेल ते मोहरं मारून टाक, पट रिकामा कर, बरोबरी मिळेल.” बरोबरी क्वचित मिळते. वरच्या खेळाडूचं खरं बळ पट रिकामा झाल्यावरच दिसतं. राजा दोन चाली आधी मध्यभागी आणणं, हत्ती योग्य ओळीवर ठेवणं, प्याद्यांची एक चाल हाताशी राखून ठेवणं ही कामं तो वर्षानुवर्षं करत आलेला असतो. वजीर-वजीर, मग घोडा-उंट, मग एक हत्ती असं मारत गेलात, तर प्रत्येक अदलाबदलीत तुमची स्थिती थोडी थोडी बिघडत जाते. डाव कुठे हातचा गेला हे नंतर इंजिन (डाव तपासणारा संगणक प्रोग्रॅम) लावूनही नीट सापडत नाही.

फ्रेंच ओपनिंगमधलं एक्सचेंज व्हेरिएशन घ्या. ई४ ई६, डी४ डी५ आणि तिसऱ्या चालीला पांढऱ्याने डी५ वरचं प्यादं मारलं की दोन्हीकडची रचना आरशात पाहिल्यासारखी सारखी होते. बरोबरी हवी असणारे हटकून हेच खेळतात. १९९० च्या मनिला इंटरझोनलमध्ये (जगज्जेतेपदाच्या वाटेवरची पात्रता स्पर्धा) शेवटच्या फेरीत मिखाइल गुरेविचला कँडिडेट्समध्ये, म्हणजे पुढच्या टप्प्यात, जायला बरोबरी पुरेशी होती. पांढरी मोहरी हातात होती. नायजेल शॉर्टसमोर त्याने हेच व्हेरिएशन खेळलं आणि तो हरला. नुसत्या बरोबरीसाठी खेळणाऱ्याच्या चाली हळूहळू बचावाच्याच होत जातात. समोरचा जिंकायला खेळत असला की तो याच चालींची वाट बघत असतो.

मग करायचं काय? अदलाबदल करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही दोन मोहरी पटावरून गेल्यावर उरलेल्यांत कोणाची जास्त चांगली आहेत? तुमचा उंट तुमच्याच प्याद्यांमागे कोंडलेला असेल आणि त्याचा घोडा ई५ वर ठाण मांडून बसला असेल, तर त्या घोड्यासाठी तो उंट आनंदाने द्या. पण तुमचा हत्ती उघड्या ओळीवर एकटा राज्य करत असेल, तर समोरून आलेला हत्ती मारायची घाई कशाला?

आणि तुम्हाला कळणारी गुंतागुंत पटावर राहू द्या. मी स्वतः एकटं पडलेलं डी-प्यादं घेऊन खेळते, कारण घोडा ई५ वर, हत्ती ई आणि सी ओळींवर, उंट राजाकडे रोखलेला, ही मांडणी मला चांगली माहीत आहे. तुमची आवडती मांडणी वेगळी असेल. दोघांनी विरुद्ध बाजूंना कॅसलिंग केलेलं असताना प्यादी पुढे दामटायला कोणाला आवडतं, कोणाला बंद रचनेत शांतपणे मोहरी फिरवायला. अशा स्थितीत त्यालाही दर चालीला नवीन प्रश्न सोडवावे लागतात आणि चुकायची शक्यता दोघांचीही वाढते. तीनशेने खाली असणाऱ्याला तेच हवं असतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतार मास्टर्समध्ये २५१२ रेटिंगच्या अलिशेर सुलेमेनोवने मॅग्नस कार्लसनला हरवलं. फरक तीनशेहून जास्त होता. पांढऱ्या मोहऱ्यांनी त्याने थेट राजावर हल्ला चढवला आणि ३१ चालींत डाव संपवला.

घड्याळ

वरचा खेळाडू पहिल्या पंधरा चाली भराभर खेळतो. त्याच्या वेगाने खेळायचं नाही. ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद असा वेळ असेल, तर विसाव्या चालीला घड्याळात निदान ४५ मिनिटं राहतील असं मी बघते. त्यातला मोठा भाग एखाद-दोन चालींवर खर्च करायला लागला तरी हरकत नाही. पण तो खर्च प्याद्यांची रचना बदलणाऱ्या किंवा वजीर पटावरून घालवणाऱ्या चालीवर व्हावा, कारण अशा चाली परत घेता येत नाहीत.

त्याची पाळी असताना उठून इतरांचे पट बघत फिरण्याची सवय मोडा. त्या वेळात ‘हत्ती गेले तर काय, वजीर गेले तर काय’ अशी मोठी उत्तरं शोधून ठेवायची. पुढच्या भागातला डाव मी त्याच्याच वेळात जिंकला.

तो चाल झटकन खेळला, मोहरं ठासून ठेवलं, खुर्चीत मागे रेलला, तरी तपासायचं ते तपासायचंच: शह आहे का, काही मारता येतं का, धमकी काय आहे. त्याच्या चेहऱ्यावरचा विश्वास तुम्हाला पटावरची स्थिती सांगत नाही.

बरोबरी मागायची का?

आपण होऊन मागू नका. तुमचा प्रस्ताव ऐकून त्याला दोन गोष्टी कळतात: तुम्ही घाबरला आहात, आणि तुम्ही इथून पुढे बचावच करणार आहात. (मागायचीच असेल तर नियम पाळा: आधी चाल करायची, मग प्रस्ताव, मग घड्याळ दाबायचं. आणि एकदा नाकारल्यावर पुन्हा पुन्हा विचारून त्रास द्यायचा नाही, पंच दखल घेतात.) पण चालींनी बरोबरी समोर ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. तीच स्थिती पुन्हा पुन्हा आणा आणि निर्णय त्याच्यावर सोपवा. वरच्या खेळाडूला चुकायला लावणारी याहून परिणामकारक युक्ती मला तरी माहीत नाही.

एक डाव दाखवते. माझ्याकडे पांढरी मोहरी, समोरचा तीनशेहून जास्त पॉइंटांनी वर. चौथा तास चालू होता. माझा राजा डी३, हत्ती बी५ वर शह देत होता, प्यादी ए४, एफ२, जी३ आणि एच४. त्याचा राजा डी५, हत्ती सी८, प्यादी ई५, एफ७, जी६ आणि एच५. पट मांडून बघाच. दोन्हीकडे चार-चार प्यादी. माझं ए-प्यादं राजाच्या बाजूपासून लांब आणि त्याच्या वाटेत एकही प्यादं नाही. त्याची चारही प्यादी राजाच्या बाजूला एकत्र.

तो आधी डी६ वर गेला, मी बी६ वरून शह दिला. तो परत डी५ वर आला, मी परत बी५ वरून शह दिला. तीच स्थिती दुसऱ्यांदा आली. आणखी एक फेरा झाला असता, तर तिसऱ्यांदा तीच स्थिती येणार म्हणून मला बरोबरी मागता आली असती. त्यासाठी चाल आधी फक्त कागदावर लिहायची, पटावर करायची नाही, आणि पंचांना बोलावून सांगायचं. हे अनेकांना माहीत नसतं. चालीसाठी मोहऱ्याला हात लावला की त्या वेळचा हक्क गेला.

तो बराच वेळ थांबला. त्याला बरोबरी नको होती, म्हणून तो शहांतून सुटायची वाट शोधत होता. त्याला एकच वाट दिसत होती: हत्ती सी५ वर आणून शह अडवायचा. मग मी हत्ती मारणार, तो राजाने माझा हत्ती मारणार, त्याचा राजा थेट सी५ वर, माझ्या ए४ प्याद्याच्या जवळ. वरवर बघितलं तर ते प्यादं त्याच्या तोंडातच. ते मारलं की तिकडे राजाच्या बाजूला त्याची चार प्यादी, माझी तीन.

तो विचार करत होता त्या वेळात मी मोजत होते. हत्ती गेल्यावर चाल माझी. राजा ई४. तो बी४ वर येतो, मी ई५ वरचं प्यादं मारते. तो ए४ मारतो, माझा राजा एफ६. तो बी५, मी एफ७ मारलं. तो सी६, मी जी६ मारलं. तो डी६ पर्यंत पोचतो तोवर एच५ पण गेलं. माझी तीन प्यादी उभी, त्याचं एकही नाही. आणि तो प्याद्यामागे न जाता राजा डी६ वर ठेवून ई५ राखत बसला तर? मग मी ए५ खेळणार. पुढे सरकणाऱ्या त्या प्याद्यामागे त्याला जावंच लागणार आणि तो गेला की माझा राजा मध्ये घुसणार. लांबचं मोकळं प्यादं शेवटी मारलं जाण्यासाठीच असतं, त्याचं काम फक्त समोरच्या राजाला दुसऱ्या टोकाला ओढून नेणं.

त्याने हत्ती सी५ वर आणला. मी लगेच मारला नाही, सगळी मोजणी पुन्हा एकदा पहिल्यापासून केली, मग मारला. एफ७ पडल्यावर त्याने डाव सोडला.

राजा मागे घेऊन तो खेळत राहिला असता, तर एवढ्या सोप्या मार्गाने मी जिंकले नसते. बरोबरी नाकारण्याची गरज नसती तर ती चाल त्याने केलीच नसती. म्हणून मुलांना सांगते: हत्तीची एंडगेम आणि राजा-प्याद्यांची एंडगेम या दोन्हींमधला उंबरठा ओळखायला शिका. ऑपोझिशन (दोन राजे एक घर सोडून समोरासमोर येणं), लांबचं मोकळं प्यादं, आणि राजा धावत्या प्याद्याला गाठेल की नाही हे सांगणारा चौकोन. एवढ्या तीन गोष्टी पक्क्या असतील, तर अदलाबदलीच्या क्षणी तुम्ही कोणाच्याही बरोबरीने उत्तर काढू शकता. राजा आणि चार-पाच प्यादी मोजताना रेटिंगचा फरक सगळ्यात कमी जाणवतो, कारण तिथे अंदाज चालत नाही, मोजणी चालते, आणि मोजणी कोणालाही येते.

स्थिती वाईट असेल तेव्हा

हरत आलेल्या डावातही हेच: टिकून राहायचं. १ जून २०२५ ला नॉर्वे चेसमध्ये गुकेश कार्लसनविरुद्ध बराच वेळ हरत्या स्थितीत होता. त्याने डाव सोडला नाही, दर चालीला काहीतरी कटकट समोर ठेवत राहिला, दोघांचंही घड्याळ संपत आलं आणि शेवटी घोड्याच्या एका चालीत कार्लसन चुकला. डाव गुकेशने जिंकला. वाईट स्थितीत सगळ्यात पटकन हरवणारी चाल म्हणजे नाइलाजाने, घाईने केलेली चाल. त्याऐवजी दोन गोष्टी बघा: त्याला सगळ्यात सोपा मार्ग कोणता आहे, आणि तो मार्ग तुम्ही बंद करू शकता का. सोपा मार्ग बंद झाला की त्याला अवघड मार्ग शोधावा लागतो, आणि चौथ्या तासाला अवघड मार्ग सगळ्यांनाच अवघड असतो.

जिंकत आल्यावर

सगळ्यात जास्त अर्धे गुण इथेच सांडतात. एक मोहरं वर आलं की छाती धडधडायला लागते आणि ‘आता तरी बरोबरी मागू का?’ हा विचार येतो. तुमची स्थिती चांगली झाली की काही वेळा तोच बरोबरी देऊ करतो. अशा वेळी उत्तर द्यायची घाई करू नका. तुम्ही तोंडी नाकारेपर्यंत किंवा चालीसाठी मोहऱ्याला हात लावेपर्यंत प्रस्ताव कायम असतो, तोवर तुमचा पूर्ण वेळ वापरा. पटावर बघा आणि स्वतःला विचारा: समोर तुमच्याच रेटिंगचा माणूस असता तर ही बरोबरी घेतली असती का? ‘नाही’ असं उत्तर आलं, तर खेळा.

आता मोहरी मारायची वेळ येते. आधी ‘मारू नका’ म्हटलं ते समान स्थितीत. एक मोहरं वर असताना मोहरी जेवढी कमी होतील तेवढं चांगलं, पण प्यादी मारताना सांभाळा, कारण शेवटी वजीर प्याद्याचाच करायचा आहे. उंट आणि ए किंवा एच ओळीवरचं एकच प्यादं उरलं, वजीर होण्याचं घर उंटाच्या रंगाचं नसलं आणि त्याचा राजा त्या कोपऱ्यात पोचला, तर एक उंट वर असूनही डाव बरोबरीत सुटतो. वरच्या खेळाडूला हे पाठ असतं आणि तो हरताना तिकडेच पळतो. स्टेलमेटही लक्षात ठेवा: शह नसताना त्याला एकही चाल उरली नाही तर बरोबरी. त्याच्याकडे फक्त राजा उरला की चाल करण्याआधी त्याला एकतरी घर मोकळं आहे ना, हे बोट न लावता डोळ्यांनी बघा. बोट लागलं की ते मोहरं हलवावंच लागतं.

घोड्यावर बसल्यासारखी घाई करू नका. दिव्या देशमुख २०२५ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये पंधराव्या मानांकनाने आली होती, ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (त्या किताबासाठी लागणारी स्पर्धेतली कामगिरी) नव्हता. अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्ध दोन्ही क्लासिकल (पूर्ण वेळेचे) डाव बरोबरीत सुटले, टाय-ब्रेकचा पहिला रॅपिड (कमी वेळेचा) डावही. दुसऱ्या रॅपिड डावात, काळ्या मोहऱ्यांनी, ती जिंकली. विजेतेपदाबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळाला. वरच्या मानांकनाच्या खेळाडूला गाठेपर्यंत ती तीन डाव न हरता टिकून राहिली, हे मी मुलांना मुद्दाम दाखवते.

डाव संपल्यावर दोघांनी एकमेकांच्या स्कोअरशीटवर निकाल लिहून सही करा. समोरचा तयार असेल तर त्याच्याबरोबर बसून डाव बघा. त्याला कुठे कोणती चाल दिसत होती हे ऐकायला मिळणं म्हणजे त्या दिवसाचा मोठा फायदा. इंजिन मात्र रात्री लावा, तेही तुमचे स्वतःचे विचार स्कोअरशीटच्या मागे लिहून काढल्यावर. आणि पुढच्या फेरीच्या तयारीला लागा, कारण एक गुण मिळालाय म्हटल्यावर पेअरिंगमध्ये पुन्हा वरचाच कोणीतरी येणार.